चेंज रिपोर्ट आणि दोन टोल्या

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर अकरा विषय होते. उपासना आटोपल्यावर साडेअकराला सभा सुरू झाली. मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी आणि हिशेब तपासनिसांची नेमणूक हे पहिले तीन विषय वीस मिनिटांत निकाली निघाले. चौथा विषय होता कंपाउंडच्या पूर्वेकडील जागेचा दावा, वकिलांची राहिलेली फी आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अडकून पडलेला चेंज रिपोर्ट. त्यावर दोन तास गेले. मागच्या कमिटीचे दप्तर नेमके कोणाच्या घरी आहे, असा प्रश्न कोणीतरी काढला आणि त्यातला अर्धा तास त्या एका प्रश्नानेच खाल्ला. ‘शब्बाथ शाळेसाठी शिक्षक व पुस्तके’ हा विषय, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा, नववा होता. तो येईपर्यंत तीन वाजून गेले होते, व्हरांड्यात मुले भुकेने रडकुंडीला आली होती आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. सेक्रेटरींनी वहीत लिहिले, ‘वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा.’ खजिनदार म्हणून त्या पानावर माझीही सही आहे.

ज्यांचा अशा संस्थांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यानुसार विश्वस्त बदलले की त्या बदलाचा अहवाल, म्हणजेच चेंज रिपोर्ट, देऊन धर्मादाय कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. एकाच ट्रस्टवर दोन गटांनी दावा सांगितला की ही साधी नोंदही वर्षानुवर्षे रेंगाळते. देवस्थाने आणि शिक्षणसंस्था यांनाही हे दुखणे आहे. ते काही एकट्या ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला आलेले नाही. तरीही आमच्यात त्याने जितके मूळ धरले आहे तितके क्वचितच कोठे धरले असेल. आमच्या पिढीच्या पंचांना, म्हणजे कमिटीच्या सभासदांना, या नोंदीचे बाविसावे कलम तोंडपाठ असते, बायबलमधले तेविसावे स्तोत्र मात्र मध्येच कोठेतरी अडखळते, असे मी एकदा थट्टेने म्हणालो होतो. त्यावर कोणी हसले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडी कमी. त्यात मुंबई, वसई आणि कोकणपट्टीतला मोठा कॅथलिक समाज आला, मराठवाडा आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातल्या, बहुतांशी दलित पूर्वजांच्या मंडळ्या आल्या, विदर्भातल्याही आल्या. एवढ्या लहान समाजात ज्यांना हिशेब कळतो, अर्ज लिहिता येतो, चार लोकांसमोर उभे राहून बोलता येते आणि रविवारी मंडळीसाठी वेळही देता येतो, अशी माणसे प्रत्येक मंडळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. आपल्याकडे पैसा कमी आहे अशी तक्रार आपण नेहमी करतो. माझ्या मते त्याहून मोठी टंचाई या मोजक्या माणसांच्या तासांची आहे, आणि हे तास वारशाने आलेल्या जागा आणि इमारती राखण्यात संपतात. वारस घडवायला मग कोणी मोकळा राहत नाही.

याचे सार्वजनिक उदाहरण द्यायचे तर १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ या ख्रिस्ताच्या प्रार्थनेला धरून टाकलेले ते पाऊल होते. या एकीकरणातल्या गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा प्रश्न मात्र त्यानंतर न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २०१३ मध्ये. विश्वस्त संस्थेची मालमत्ता केवळ एकीकरणाच्या ठरावाने दुसरीकडे जात नाही, ती कायद्याने आखलेल्या वाटेनेच जाऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढण्यासारखे काही नाही. पण एकीकरण आणि निकाल यांच्यात त्रेचाळीस वर्षे आहेत. १९७० साली शब्बाथ शाळेत बसणारे मूल तोवर पन्नाशीत आले होते.

बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘वेळेचा सदुपयोग करा’ असे आपण वाचतो. शाळेच्या भिंतीवरल्या सुविचारासारखे ते वाक्य वाटते आणि म्हणूनच कदाचित ते आपल्याला टोचत नाही. मूळ ग्रीकमधले क्रियापद बाजारातले आहे. त्याचा अर्थ विकत घेणे, मोल देऊन सोडवून घेणे असा आहे, आणि तेथे वेळेसाठी वापरलेला शब्द घड्याळाच्या वेळेचा नसून संधीचा, नेमक्या घटकेचा आहे. म्हणजे वेळ आपोआप हाती येत नाही. ती दुसऱ्या कशाच्या तरी तावडीतून सोडवावी लागते आणि त्यासाठी काहीतरी मोजावे लागते. आपल्या मंडळ्यांना ती कशाच्या तावडीतून सोडवायची आहे, हे वरच्या विषयपत्रिकेवरून कळावे.

लूककृत शुभवर्तमानात येशूने सांगितलेला अन्यायी कारभाऱ्याचा दाखलाही याच जातीचा आहे. आमचे उपदेशक तो सहसा टाळतात, कारण लबाड माणसाची वाहवा कशी समजवावी हा पेच असतो. परंतु त्या कारभाऱ्याला एक गोष्ट नीट उमगली होती. कारभार हातचा जाणार आहे, हिशेब मागितला गेला आहे आणि मधले दिवस थोडे आहेत. तेवढ्या दिवसांत त्याने धन्याच्या ऋणकऱ्यांचे तेलाचे आणि गव्हाचे देणे कमी करून दिले, म्हणजे ते माणसांत गुंतवले. मालाची वही घट्ट धरून बसला असता तर त्याच्या हाती वहीसुद्धा राहिली नसती. पाच वर्षांच्या मुदतीने निवडून येणारे आम्ही पंच वागतो ते मात्र कारभार कधीच जायचा नाही अशा थाटात.

या भूमीवर ज्यांच्या श्रमांचे काही टिकले, त्यांच्याकडे पाहिले तर हाच धडा वेगवेगळ्या तऱ्हेने समोर येतो. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. ना स्वतःचा संसार, ना नावाची इमारत. जोतीराव फुले यांनी तिची अहमदनगरची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही. मिशनच्या बाप्तिस्म्यांच्या रकान्यात हे फळ बसण्यासारखे नव्हते. तरी त्या बाईने वेळ कोठे घातला आणि तो केवढा पुरला, हे महाराष्ट्राला माहीत आहे. टिकाऊ काय ठरेल हे काम करणाऱ्याला बहुधा दिसत नाही. माणसांत घातलेले काम कोठून तरी उगवते, एवढे मात्र दिसते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते, कारण ती सरळ नाही. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, इमारती बांधल्या, दुष्काळात आणलेल्या शेकडो मुलींना छप्पर दिले. मालमत्तेचा त्यांना तिटकारा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी जे काम मुख्य मानले, ते संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत भाषांतर करण्याचे. उतारवयात त्या भाषा शिकायच्या, कानांनी साथ सोडलेली, आश्रमाचा रोजचा पसारा चालूच, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. खेड्यातल्या बाईला कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईही केडगावलाच, मुक्ती सदनाच्या छापखान्यात, आश्रमातल्या मुलींच्या हातून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. शेवटची प्रुफे पुरी होईपर्यंत त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले होते, असे सांगतात. ग्रंथ छापून पुरा झाला तो १९२४ मध्ये.

आता अडचणीची गोष्ट. ते भाषांतर आज आमच्या उपासनेत वाचले जात नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या वेदीवर असते ते बायबल सोसायटीचे बायबल. अठरा वर्षांच्या श्रमांचा ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिला. मग हा वेळ वाया गेला म्हणायचा का? हिशेबाच्या वहीवरून तसे म्हणता येईल. पण छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या मुली दुष्काळात कोठल्या तरी रस्त्याकडेला मरायच्या होत्या. त्या अक्षर ओळखायला शिकल्या, एकेक ओळ उलटी वाचून जुळवायला शिकल्या, आणि देवाचे वचन कोण्या शास्त्र्याच्या मालकीचे नाही हे त्यांनी स्वतःच्या शाईने माखलेल्या बोटांनी जाणले. रमाबाईंना ग्रंथ टिकावा असे वाटत होते. टिकल्या त्या बहुधा मुली आणि त्यांच्या लेकी-नाती.

भाषेत घातलेले श्रम फुकट जातात असे मात्र मुळीच नाही. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला आणि सुमारे तीन तपांनी, १६१६ मध्ये, रायतूरच्या छापखान्यात त्याचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्या छापील प्रती आज हाती नाहीत. पुराण जगले ते हस्तलिखितांतून आणि लोकांच्या गळ्यातून. त्याच काळातल्या पोर्तुगीज चर्चेसच्या दगडी भिंती वसईच्या किल्ल्यात आजही पाहता येतात, मात्र छपराविना. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पुढे त्या वास्तूंत झाडे उगवली. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल धडधाकट उभे आहे, तेव्हा दगड पडतोच आणि शब्द राहतोच असा काही नियम मला काढायचा नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली, त्यानंतर त्यांना मिळाली ती जेमतेम दोन वर्षे, आणि त्यांनी उभारलेला ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. त्यांची गीते मात्र दर रविवारी गायली जातात. आणि ज्या पत्नीला त्यांनी घरीच अक्षरओळख करून दिली, तिने त्यांचे ख्रिस्तायन हे अपुरे काव्य पुरे केले. घरातल्या घरात एका बाईला वाचायला शिकवण्यात गेलेल्या त्या संध्याकाळी कोणत्या जमाखर्चात मांडायच्या?

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. मंडळीतले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मला सभेनंतर म्हणाले, “भाऊ, जागा गेली तर तुमची शब्बाथ शाळा काय रस्त्यावर भरवणार? आमच्या आज्याने वेशीबाहेर दिवस काढले, तेव्हा कुठे या कंपाउंडात त्याला मान वर करून बसता आलं.” या बोलण्यात जे दुखणे आहे ते मी हलके समजत नाही. ज्या समाजाला गावात हक्काची जमीन नव्हती, त्याच्या दृष्टीने मिशन कंपाउंडमधली ती चार गुंठे जागा म्हणजे निव्वळ स्थावर मालमत्ता नव्हे. ती कोणी बिल्डरच्या घशात घालत असेल तर न्यायालयात जाणे हे कर्तव्यच ठरते. त्याचप्रमाणे, प्रत्येक पैशाचा उपयोग दाखवा असा हट्ट धरणाराही ख्रिस्ती दृष्टीचा असतोच असे नाही. बेथानीला मरीयेने तीनशे दीनारांचे, म्हणजे मजुराच्या वर्षभराच्या कमाईइतके, सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतले तेव्हा ‘हे विकून गरिबांना का दिले नाही’ असा काटकसरीचा प्रश्न विचारला तो यहूदाने. भक्तीत उधळपट्टीला जागा आहे. नाताळच्या चांदणीवर किंवा नव्या ऑर्गनवर खर्च झाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

पण अण्णांच्या आज्याला त्या कंपाउंडात मान वर करून बसता आले ते जागेमुळे की त्या जागेत कोणीतरी त्याला शेजारी बसवून वाचायला शिकवले म्हणून? दोन्हीमुळे, हेच खरे. आज आपण पहिले राखतो आहोत आणि दुसरे पुढील सभेवर ढकलतो आहोत.

कापणीच्या सणाचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. खरिपाचे पीक घरात आले की आमच्याकडे हा सण होतो. वेदीपाशी उसाची कांडी उभी करतात, बाजरीची कणसे, भोपळे, मिरच्यांच्या माळा, पाय बांधलेल्या कोंबड्या, डब्यांत तूप. जो तो आपल्या घरचे आणतो आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. भोपळा एकाने घ्यायचा, पैसे भरायचे आणि भोपळा पुन्हा लिलावात ठेवायचा, अशी गंमतही चालते. त्या वर्षी एक म्हातारी मावशी टोपलीत भुसा घालून चार अंडी घेऊन आली होती. तिच्याकडे एकच कोंबडी, हे साऱ्यांना ठाऊक. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने ती अंडी अकराशे रुपयांना घेतली आणि टोपली तिच्याच मांडीवर परत ठेवली. टाळ्या पडल्या, मावशी पदराने डोळे पुसत होती. पावती मी फाडली. सणाचे पैसे सर्वसाधारण फंडात जमा झाले आणि त्याच आठवड्यात सर्वसाधारण फंडातून वकिलांचा हप्ता गेला. वहीत यात काहीही गैर नाही. हिशेब तपासनिसांनी खूण करून पान उलटले.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेवर त्यानंतरच्या रविवारी उपदेश झाला. तो नेहमीसारखा, देणाऱ्यांना उद्देशून होता. घरी येऊन मी मार्काचा बारावा अध्याय पुढेमागे वाचला. विधवा येण्याच्या जरा आधी येशू शास्त्र्यांविषयी बोलतो, ते विधवांची घरे खाऊन टाकतात असे म्हणतो. आणि विधवेनंतर लगेच, तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, एक शिष्य मंदिराकडे बोट दाखवून म्हणतो की काय हे चिरे आणि काय या इमारती. उत्तर मिळते की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ. स. ७० मध्ये तसेच झाले. तिने आपली सारी उपजीविका ज्या दानपेटीत टाकली, तिच्यामागचे सारे बांधकाम चाळीसेक वर्षांत भुईसपाट झाले. तिच्या देण्याचे मोल त्याने तसूभर कमी होत नाही. प्रश्न राहतो तो दानपेटी सांभाळणाऱ्यांना विचारण्याचा, आणि तो आमच्या व्यासपीठावरून कधी विचारला गेलेला मी ऐकला नाही. देणाऱ्याचे कारभारीपण आपण दरवर्षी शिकवतो. घेणाऱ्याचे कारभारीपण शिकवायचे राहून गेले.

मग करावे काय? प्रेषितांची कृत्ये यातील सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा प्रेषितांनी तो प्रश्न क्षुद्र म्हणून झिडकारला नाही आणि स्वतःच्या गळ्यातही घेतला नाही. सात माणसे निवडली, त्यांच्यावर काम सोपवले आणि आपण वचनाच्या सेवेत राहिले. मालमत्तेच्या कामाला आज हीच वाट लावता येईल. कायदा जाणणारे दोन-तीन सभासद नेमावेत, त्यांना मुदत द्यावी, वर्षाचा खर्च आधीच ठरवून द्यावा आणि तडजोडीचा अधिकारही द्यावा. पाळकसाहेबांच्या बॅगेत बायबलशेजारी वकीलपत्र असता कामा नये. ज्या पाळकाला महिन्यातले चार दिवस तारखांना जावे लागते, तो आजाऱ्याच्या उशाशी बसणार कधी आणि तरुणांच्या अवघड प्रश्नांवर चार पाने वाचणार कधी? तडजोडीत जागेचा एखादा तुकडा जाईल. जाऊ द्यावा, असे माझे मत आहे, आणि ते लोकांना आवडत नाही हे मला माहीत आहे. पौलाने करिंथकरांना हाच झोंबणारा प्रश्न विचारला होता, की आपसात दावे लावण्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही. बिल्डरशी लढा वेगळा. आमचे बहुतेक दावे आमचेच आमच्याशी आहेत.

दुसरे, कापणीच्या सणाचे पैसे सर्वसाधारण फंडात न टाकता स्वतंत्र खाते करून ते फक्त माणसांवर खर्च करावेत: शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचे प्रशिक्षण, मराठी पुस्तके, एखाद्या गरीब मुलीची फी, पेटी-तबला शिकवणाऱ्याचे मानधन. आमच्या मुलांना इंग्रजी स्तुतिगीते येतात, टिळकांच्या गीताची दुसरी ओळ येत नाही. कारण शिकवायला कोणी बसलेले नाही. रक्कम मोठी नसेल, पण तिचे काय झाले हे मावशीला तिच्या ओट्यावर बसून सांगता येईल एवढी तरी स्वच्छ असेल.

या दोन सूचनांचा ठराव मी लेखी दिला आहे, आणि त्यासोबत एक तिसरी, सर्वांत किरकोळ: विषयपत्रिकेचा क्रम उलटा करावा. प्रोसिडिंग कायम झाल्यावर पहिला विषय शब्बाथ शाळा, आणि चेंज रिपोर्ट सर्वांत शेवटी. कमिटीत यावर बरीच कुरकुर झाली. दाव्याच्या विषयापर्यंत लोक थांबणार नाहीत, गणसंख्या भरणार नाही, असा मुद्दा निघाला. शब्बाथ शाळेच्या विषयापर्यंत लोक थांबत नव्हते तेव्हा तो कोणाला सुचला नव्हता, एवढेच मी म्हणालो. शेवटी सेक्रेटरींनी मान्य केले. परवा नोटीस फलकावर लागली आहे. वकीलसाहेबांना जेवणानंतर यायला सांगितले आहे.